अनुभव धागा : शिवनेरीपलीकडचा जुन्नर तालुका

जुन्नरला येणारा बहुतेक प्रवासी शिवनेरी चढतो, शिवजन्मस्थानी माथा टेकवतो आणि दुपारच्या आत परतीची वाट धरतो. शासनाने २०१८ साली पर्यटन तालुका म्हणून घोषित केलेल्या या मुलखाचा उरलेला पसारा ज्यांनी पाहिला आहे, किंवा जे तिथलेच आहेत, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत.

सुरुवात मीच करतो. नाणेघाट लोक पावसाळ्यात उलट्या धबधब्यासाठी गाठतात. माझ्या मते तो थंडीत, गर्दी ओसरल्यावर पाहावा. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून निघालेला माल याच खिंडीतून जुन्नरच्या पेठेत येई आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीसाठी होता, असे सांगितले जाते. खरा ऐवज मात्र घाटातल्या लेण्यात आहे. सातवाहन राणी नागनिकेच्या ब्राह्मी लेखात यज्ञप्रसंगी दान दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण या नाण्यांचे आकडे कोरलेले आहेत. मागच्या भिंतीवर राजकुटुंबाच्या प्रतिमा होत्या. आता वर नावे आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत.

ठाण्याहून एक वाचक : लेण्याद्रीला गिरिजात्मजाचे दर्शन झाले की मंडळी लगेच उतरू लागतात. देऊळ आहे ते सातवे लेणे मूळचा बौद्ध विहार असून एवढ्या मोठ्या दालनात एकही खांब नाही. शेजारचे चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचे प्रार्थनास्थळही चुकवू नये. माकडांपासून पिशवी मात्र सांभाळावी.

खोडद परिसरातील माहेरवाशीण : आमच्या बांधावरून जीएमआरटी या, अवकाशातील रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीच्या तबकड्या दिसतात. अशा एकूण ३० असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. पृष्ठभाग पत्र्याचा नसून तारेच्या जाळीचा असल्यामुळे वारा आरपार जातो, हे मला शाळेच्या सहलीत कळले. तोवर त्या आमच्यासाठी नुसत्या 'छत्र्या' होत्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे प्रदर्शन भरते. मुलांना घेऊन तेव्हाच यावे.

ओतूरकडचा एक शेतकरी : माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे, परंतु आम्हाला बिबट्या उसातच भेटतो. धरणांचे पाणी आले, ऊस वाढला आणि त्याला बारमाही आडोसा मिळाला. रात्रपाळीची वीज आली की मी मोबाइलवर मोठ्याने भजने लावूनच पिकाला पाणी द्यायला, दारे धरायला जातो. पाहुण्यांनी अंधार पडल्यावर उसाच्या कडेने पायी फिरू नये. आणि मुक्कामाच्या ठिकाणी बेसनाची मासवडी आदल्या दिवशीच सांगून ठेवावी. ऐनवेळी ती कोणी करून देत नाही.