स्क्रीनशॉट थेट घरच्या सर्व्हरवर टाकायचेत, काय वापरू?

घोडबंदरवाला:
ऑफिस वागळे इस्टेटला, काम अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या सपोर्टचं. दिवसभर क्लायंटना स्क्रीनशॉट पाठवणं चालूच. लोकांचे जीएसटीचे आकडे बाहेरच्या फुकट साइटवर टाकायला मन धजत नाही. घरी जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू टाकून डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायची सोय) झिपलाइन, म्हणजे फाइल ठेवून लिंक देणारा प्रोग्राम, चढवलंय. पुढे बाहेरच्या विनंत्या त्याच्याकडे पाठवायला एनजिनएक्स हा वेब सर्व्हर. शेअरएक्स या स्क्रीनशॉट प्रोग्राममधून शॉट मारला की फाइल तिकडे जावी आणि लिंक क्लिपबोर्डवर यावी, बास. पण काही शॉट जातात, काही 413 एरर देऊन आपटतात. सरळ नेक्स्टक्लाउड (स्वतःच्या सर्व्हरवरचं गूगल ड्राइव्हसारखं) घेऊ का?

ऐरोलीकर:
नेक्स्टक्लाउड नको, एवढ्याशा कामाला फार जड. 413, म्हणजे 'फाइल फार मोठी', हे एनजिनएक्स देतोय. त्याची मूळ मर्यादा 1 एमबी. एका छोट्या विंडोचा पीएनजी त्यात बसतो, दोन मॉनिटरचा अख्खा शॉट बसत नाही. त्याच्या कॉन्फिगमधल्या सर्व्हर ब्लॉकमध्ये 'क्लायंट मॅक्स बॉडी साइझ' (client_max_body_size) 50 एमबी करा आणि रीलोड मारा.

शेअरएक्सच्या डेस्टिनेशन्समध्ये इमेज आणि फाइल, दोन्ही अपलोडर 'कस्टम' करा. नुसतं इमेजचं केलंत तर स्क्रीन रेकॉर्डिंग भलतीकडेच जाईल.

घोडबंदरवाला:
413 गेला, धन्यवाद! आता फाइल चढते पण धड लिंक येत नाही. शेअरएक्सची कॉन्फिग (सेटिंगची) फाइल ऑफिसातल्या एकाने दिलीय, त्याच्याकडे झिपलाइन 3 होतं.

ऐरोलीकर:
मग तेच. 3 मध्ये उत्तरातल्या 'फाइल्स' यादीत थेट लिंक यायची. 4 मध्ये तिथे अख्खी नोंद येते आणि लिंक तिच्या आतल्या 'यूआरएल'मध्ये असते. शेअरएक्स अजून जुन्याच जागी शोधतोय. तुमच्या झिपलाइनमध्ये लॉगिन करून तिथूनच शेअरएक्सची फाइल नव्याने डाउनलोड करा, डबल क्लिक केलं की बसते.

खारघर_लिनक्स:
दुसऱ्याची फाइल वापरताय म्हणजे टोकनही (खात्याची किल्ली) त्याचंच असेल की! ते त्या फाइलमध्ये उघडं दिसतं, नोटपॅडमध्ये बघा. ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवू नका, प्रत्येकाला वेगळं खातं द्या.

आणि घरचं इंटरनेट सीजीनॅटवर (एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला) आहे का? राउटरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी 100.64 ते 100.127 मध्ये असेल तर पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरची विनंती राउटरमधून घरच्या सर्व्हरकडे वळवण्याचा) काही उपयोग नाही, बाहेरून लिंक उघडणार नाही. क्लाउडफ्लेअर टनेल लावा, म्हणजे घरचा सर्व्हर त्यांच्यामार्फत बाहेरून उघडतो. फुकट प्लॅनवर एका अपलोडला 100 एमबीची मर्यादा आहे, स्क्रीनशॉटला भरपूर झाली.

घोडबंदरवाला:
टनेल आधीच आहे. नवी फाइल टाकली, लिंक आली एकदम मस्त. पॅन नंबर झाकायला शेअरएक्सचा ब्लर पुरेल ना?

खारघर_लिनक्स:
नाही हो. ब्लर केलेले आकडे पुन्हा ओळखता येऊ शकतात. काळा, पूर्ण भरलेला चौकोन टाका. आणि झिपलाइनमध्ये फाइल आपोआप उडायची मुदत लावता येते, ती लावाच. तिकीट बंद झाल्यावर क्लायंटचा ताळेबंद तुमच्या डिस्कवर कशाला हवा?