आमच्या बाप्टिस्ट मंडळीचा स्थापना दिवस कोणता धरायचा? (सोलापूर, पूर्व भाग)

पूर्वभागकर

सगळ्यांना सलाम. आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, स्मरणिका काढायचं ठरलंय आणि इतिहासाची पानं लिहायचं काम माझ्याकडं आलंय, दोन महिने झाले त्यातच अडकलोय. मंडळी छोटी आहे, अशोक चौकाच्या पुढं आतल्या गल्लीत. लोक अजून तेलुगू बाप्टिस्ट म्हणूनच ओळखतात, पण आता दुसरी उपासना पूर्ण मराठीत असते कारण आमच्या पिढीला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही.

अडचण अशी की स्थापना कधी झाली विचारलं की तीन म्हातारी माणसं तीन उत्तरं देतात. एक म्हणतात मागाच्या कारखान्यात पहिली प्रार्थना झाली तेव्हापासून धर, माग बंद झाले की कांड्यांच्या पेट्या भिंतीला सारून चटया टाकायचे आणि रॉकेलचा कंदील मागाच्याच लाकडाला टांगायचे म्हणे. दुसरे म्हणतात नाही, नदीवर पहिला बाप्तिस्मा झाला तिथनं. तिसरे सरळ कोनशिला दाखवतात. तिन्हीत बरीच वर्षं जातात मधी.

आणि अजून एक, सोलापुरात बाप्टिस्ट आले कुठनं? एक मित्र म्हणाला तुम्ही इथल्याच फर्स्ट चर्च या दुसऱ्या मंडळीमधनं फुटून निघाला असणार. आईला सांगितलं तर तिला फार लागलं. कुणाला नक्की माहिती असेल तर सांगा, चुकीचं छापायचं नाहीये.

रिटायर्ड_मास्तर

फुटून निघाला हे साफ चूक, आईंना सांगा. पण नातं आहे, आणि फार जुनं आहे, मला स्वतःला हे कळलं तेव्हा रात्री झोप आली नव्हती म्हणून जरा सविस्तर लिहितो.

६ फेब्रुवारी १८१२ ला अमेरिकेत सेलम गावी पाच तरुणांना मिशनरी म्हणून एकाच दिवशी दीक्षा दिली, जडसन, न्यूएल, नॉट, हॉल आणि राईस. पाठवणारं बोर्ड एकच, मुख्यतः काँग्रिगेशनल मंडळींचं, म्हणजे तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणाऱ्यांचं. जडसनना माहीत होतं की बंगालमध्ये उतरलं की तिथले मिशनरी विल्यम केरी यांच्या बाप्टिस्ट लोकांशी, म्हणजे विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देणाऱ्यांशी, गाठ पडणार, त्यांना उत्तर देता आलं पाहिजे, म्हणून ते जहाजात बाप्तिस्म्याचाच अभ्यास करत बसले आणि अभ्यास करता करता त्यांचंच मत फिरलं. सप्टेंबर १८१२ मध्ये कलकत्त्याच्या लाल बाजारात त्यांनी पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला. राईसनीही घेतला, आणि ते अमेरिकेला परत जाऊन मंडळ्यामंडळ्यांतनं फिरले, त्यातनं १८१४ ला फिलाडेल्फियात तिथल्या बाप्टिस्टांची स्वतःची मिशन संस्था उभी राहिली.

हॉल आणि नॉट मात्र फेब्रुवारी १८१३ ला मुंबईत आले. तीच आपली अमेरिकन मराठी मिशन. मुंबई, मग १८३१ ला अहमदनगर, मग सोलापूर. फर्स्ट चर्च त्या घराण्यातलं, १९७० ला चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेलं.

तुमचं घराणं दुसऱ्या वाटेनं आलं. १८१४ च्या त्या संस्थेचे सॅम्युएल डे १८३६ ला तेलुगू मुलखात उतरले, १८४० ला नेल्लोर धरलं, पुढं ओंगोल, सिकंदराबाद, हनमकोंडा. आणि तेलंगणातनं सोलापूरला माणसं कशी आली ते पूर्व भागात राहणाऱ्याला मी काय सांगू, १८७७ ला जुनी मिल निघाली तेव्हापासून पोटामागं येतच राहिली, गिरणीत, हातमागावर, मग पॉवरलूमवर. येताना कुणी मार्कंडेय आणला, कुणी येशू आणला. तर एकाच दिवशी दीक्षा घेतलेल्यांची ही दोन घराणी, एक मुंबई-नगरवरनं, दुसरं नेल्लोर-ओंगोलवरनं, आणि भेटली कुठं तर सोलापुरात.

मराठीवर केरींचं ऋण आहे तेही एका ओळीत घाला. मराठी नवा करार १८११ ला त्यांच्याच श्रीरामपूरला छापला, आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं.

आता तारीख. ओंगोलला हाच पेच आहे बघा. १ जानेवारी १८५४ ला पहाटे मिशनरी ज्यूएट पतीपत्नी आणि तिघं तेलुगू विश्वासणारे टेकडीवर चढून प्रार्थना करून आले, त्या टेकडीला अजून मान आहे. पण मंडळीची स्थापना धरतात १ जानेवारी १८६७, आठ सभासदांनी मिळून मंडळी बांधली तो दिवस. कारण बाप्टिस्टांत मंडळी म्हणजे इमारत नाही आणि बिशपचा हुकूमही नाही. विश्वास कबूल करून बाप्तिस्मा घेतलेली माणसं एकमेकांशी करार करतात, पाळक कोण हेही तीच ठरवतात. तुम्ही पहिली सभासद यादी शोधा, कोनशिला बाजूला ठेवा.

सीनाकाठची

मास्तरांनी इतिहास सांगितला, मी डोळ्यानं बघितलेलं सांगते. मी तुमच्याच भागातली, लग्न होऊन पुण्याला आले.

तेव्हा मंडळीत बाप्तिस्म्याचा हौद नव्हता. तिऱ्ह्याला यष्टीनं जायचो, पुलाखाली सीनेत बाप्तिस्मा व्हायचा. आईचा झाला तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. आधी दोन डिकन, म्हणजे मंडळीचे सेवक, काठी घेऊन पाण्यात उतरले, काठीनं खड्डा चाचपत चाचपत गेले आणि कंबरेएवढं पाणी लागलं तिथं एक उजवीकडं एक डावीकडं उभे राहिले. आईनं पांढरी साडी नेसलेली, फुगून वर येऊ नये म्हणून अक्कांनी निऱ्यांना सेफ्टी पिना लावलेल्या. पाळकसाहेबांनी एक हात पाठीला लावला, एक तिच्या जोडलेल्या हातावर, आणि बाळाला झोपवतात तसं मागं पाण्यात नेलं. मला वाटलं आई गेली. मी किंचाळले आणि तेवढ्यात ती वर आली, खोकत खोकत, आणि काठावरच्या बायकांनी तेलुगूत गाणं उचललं. नंतर तिनं मला ओल्या अंगानंच जवळ घेतलं, तिच्या बोटांना विडीच्या तंबाखूचा वास असायचा नेहमी, त्या दिवशी नव्हता. एवढं लक्षात राहिलंय.

नंतर व्यासपीठाच्या फळ्यांखाली हौद बांधला, पण सोलापूरचं पाणी तुम्हाला माहीत आहे, चार-पाच दिवसाआड नळ. म्हणून गल्लीत पाण्याची पाळी कधी आहे ते बघून बाप्तिस्म्याचा रविवार ठरायचा, आणि आदल्या रात्री घागरी घेऊन सगळी पोरं रांगेत.

आणि गुप्पेडु बिय्यम विसरू नका हो दादा. भात टाकायच्या आधी एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात, रोज, प्रत्येक घरात. रविवारी डबे रिकामे व्हायचे, तांदूळ विकून पैसे. तुमची कोनशिला त्या तांदळावर उभी आहे आणि तिच्यावर एका बाईचं नाव नाही.

कागदपत्रवाला

धर्मादाय आयुक्त कार्यालयातनं परिशिष्ट एकचा उतारा काढून घ्या. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली ट्रस्ट कधी नोंदला ती तारीख त्यात असते, पण तो ट्रस्टचा जन्म, मंडळीचा नव्हे. दोन्ही तारखा वेगवेगळ्या छापा, एकात एक मिसळू नका. जागेच्या बाबतीत पुढं वाद निघाला की लोक स्मरणिका घेऊनच येतात.

मास्तरांशी मात्र मी एका बाबतीत सहमत नाही. कारखान्यात चटया टाकणारे लोक दमून बसलेले असायचे, तरी यायचे. त्यांना मंडळी नाही म्हणायचं?

रिटायर्ड_मास्तर

नाही म्हणत नाही हो. ओंगोलचे लोक टेकडी विसरले का? नाही. पण आकडा मोठा करायला प्रार्थनेची तारीख धरू नये एवढंच माझं म्हणणं. ओंगोलचे मिशनरी क्लाऊ साहेबांचं उदाहरण घ्या. १८७६-७८ च्या दुष्काळात त्यांनी बकिंगहॅम कालव्याचं साडेतीन मैलांचं काम घेऊन हजारो लोकांना मजुरी दिली, आणि त्या काळात बाप्तिस्मे बंद ठेवले, कुणी भातासाठी येऊ नये म्हणून. मदत थांबल्यावरसुद्धा लोक हटेनात, तेव्हा ३ जुलै १८७८ ला गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. वाढ सांगायची तर अशी सांगावी, थांबलेले महिने पण सांगावेत.

पूर्वभागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, दोन घराण्यांचं आईला वाचून दाखवलं, तिनं दोनदा वाचायला लावलं.

काल पाळकसाहेबांच्या घरी जुन्या ट्रंकेत एक वही सापडली. पहिल्या पानावर वर काहीतरी चार ओळी, खाली अकरा नावं, सहा सह्या आणि पाच अंगठे. अंगठ्यांपैकी चार बायकांचे आहेत एवढं नावांवरनं कळतंय. वरच्या चार ओळी तेलुगूत घसीट अक्षरात आहेत, शाई उडालीय, तारीख त्यातच असणार. त्या अकरातल्या एक आजी अजून आहेत, विडी घरकुलला, ऐकू कमी येतं पण बोलतात. रविवारी वही घेऊन त्यांच्याकडं चाललोय. जुनं तेलुगू हस्ताक्षर वाचणारं कुणी आहे का?

सीनाकाठची

मला येतं वाचायला. शनिवारच्या इंद्रायणीनं येते, आईला पण आणते, त्या आजी तिच्या ओळखीच्या निघतील. वहीचा फोटो कुठं टाकू नका, आधी आजींना दाखवू.