होसे आंतोनियो मीड: पक्षांतर नेमके कधी केले?

प्रश्न
मेक्सिकोचे राजकारणी मीड यांच्यावर टिपण लिहायचे आहे. एकीकडे ते 'पान' पक्षाचे राष्ट्राध्यक्ष काल्देरोन यांचे मंत्री दिसतात, दुसरीकडे त्यांच्यानंतरचे, प्रतिस्पर्धी 'प्री' पक्षाचे राष्ट्राध्यक्ष पेन्या निएतो यांचे, आणि २०१८ ला थेट प्रीचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार. पक्ष कधी बदलला? आणि निवडून न येता मंत्री कसे?

प्रतिसाद १
पक्ष बदललाच नाही, कारण ते कोणत्याच पक्षाचे सदस्य नव्हते. मेक्सिकोत मंत्र्यांना राष्ट्राध्यक्ष नेमतो. खासदाराला मंत्री व्हायचे तर सभागृहातून रजा घ्यावी लागते. आपल्या नेमके उलटे. इथे बाहेरच्या मंत्र्याला सहा महिन्यांत सभागृहात यावे लागते.

क्रम असा: जानेवारी २०११ ऊर्जा, सप्टेंबर २०११ अर्थ (आधीचे अर्थमंत्री कोर्देरो पानच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी बाहेर पडले म्हणून), डिसेंबर २०१२ परराष्ट्र, ऑगस्ट २०१५ सामाजिक विकास, सप्टेंबर २०१६ पुन्हा अर्थ. नेमणुका पाच, खाती चार. 'पाच खाती' लिहिलेत की चुकलात.

प्रतिसाद २
दुसऱ्यांदा अर्थ खाते मिळण्याचे कारणही लिहा. उमेदवार ट्रम्प यांना ऑगस्ट २०१६ मध्ये मेक्सिकोत बोलावल्यावरून गदारोळ झाला, ही भेट घडवून आणणारे अर्थमंत्री विदेगाराय यांना जावे लागले, आणि ती जागा मीड यांना मिळाली.

आणखी एक, पूर्ण नाव होसे आंतोनियो मीड कुरिब्रेन्या, पण आडनाव मीड. कुरिब्रेन्या हे आईकडचे. सूचीत 'क' खाली टाकू नका.

प्रश्नकर्ता
मग सदस्य नसलेल्याला प्रीने उमेदवारी दिली कशी?

प्रतिसाद १
नियम वाकवून. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला पक्षाच्या दहा वर्षांच्या सदस्यत्वाची अट होती; ऑगस्ट २०१७ च्या पक्ष-अधिवेशनात ती काढली. कुणासाठी, हे सगळ्यांना कळले होते. घटनेच्या कलम ८२ नुसार मंत्र्याला मतदानाआधी सहा महिने पद सोडावे लागते. मतदान १ जुलै २०१८ ला होते, राजीनामा २७ नोव्हेंबर २०१७ ला दिला. पक्षाचा उमेदवार मावळत्या राष्ट्राध्यक्षांनी बोट दाखवून ठरवायचा, या जुन्या चालीला तिथे 'देदासो' म्हणतात.

प्रतिसाद ३
हिशेब असा होता की भ्रष्टाचाराने डागाळलेल्या पक्षाला बाहेरचा, अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा अर्थशास्त्रातला डॉक्टरेट चेहरा वाचवेल. पण सरकारी दरातून बाजारभावाकडे जाताना जानेवारी २०१७ मध्ये पेट्रोल २० टक्क्यांपर्यंत महागले. त्या 'गासोलिनासो'च्या (पेट्रोल दरवाढीच्या) वेळी अर्थमंत्री हेच, त्यामुळे 'मी बाहेरचा' म्हणायची सोय उरली नाही. शिवाय पक्षाचे जुने कार्यकर्तेही त्यांना आपले मानेनात.

निकालात विजयी लोपेस ओब्रादोर यांना ५३ टक्के मते, पानचे आनाया यांना २२, मीड यांना १६ च्या आसपास. २०१९ मध्ये ते एचएसबीसीच्या संचालक मंडळावर गेले.

प्रतिसाद २
टिपणात 'मंत्र्याला संसदेची संमती लागत नाही' असे सरसकट वर्तमानकाळात लिहू नका. १ डिसेंबर २०१८ पासून अर्थमंत्र्याला प्रतिनिधीगृहाची आणि परराष्ट्रमंत्र्याला सिनेटची संमती लागते. मीड यांच्या वेळी ही अट नव्हती.