बेळगावातल्या शहापूरचं घर विकायचा ग्रुप

ताई (म्हापसा): नाना, रविवारी हिंदवाडीची माणसं येऊन गेली ना, त्यांचं काय झालं रे?

नाना (बेळगाव): काही नाही. मीच फोन केला, उचलला नाही. संध्याकाळी मेसेज आला, "घरात बोलून कळवतो."

ताई: म्हणजे गेले.

नाना: होय की. घ्यायचं असलं की माणूस किमतीवरनं भांडतो. "छान आहे हो घर" म्हणून गेलेला परत येत नाही.

दादा (पुणे): पण तूच लिहिलं होतंस, बाई माडीवर दोनदा जाऊन आल्या म्हणून.

नाना: आल्या की. कौलं बघितली, आड बघितला, परड्यातला फणस बघून खूश. तेवढ्यात बरोबरच्या मामानं मोबाईलवर होकायंत्र लावलं. दार दक्षिणेला! पाच मिनिटांत सगळे चपला घालून गल्लीत. चहा ओट्यावर तसाच.

धाकटी वैनी: चहाचं तर सांगूच नका. कोण बघायला येणार म्हटलं की आधी जाऊन खिडक्या उघडायच्या, लादी पुसायची, वास जावा म्हणून ऊद लावायचा. परड्याकडच्या खोलीत पावसाची ओल छातीएवढी चढल्या, पोपडे पडायलेत. ह्यांनी तिथं आईंचं कपाट सरकवून ठेवलंय. आणि येणारा प्रत्येक माणूस बरोबर तेच कपाट हलवून बघतो 😅

वडगावचे काका: दक्षिणेचं दार म्हणे! तुमच्या बापाला त्या घरात काय कमी पडलं? तिघंही तिथंच शिकलात.

पिंकी (बेंगळूर): आजोबा, वास्तू हे सांगायचं कारण. खरं कारण गाडी. गल्लीत कार वळत नाही, गणपतीत तर मांडवामुळं स्कूटरसुद्धा जात नाही. एवढे पैसे घालून कार दुसऱ्याच्या दारात कोण लावेल? तो माणूस भाग्यनगरला फ्लॅट बघतो, खाली पार्किंगवाला.

दादा: ते असू दे. दोन गुंठे जागा आहे, शहापूरसारख्या ठिकाणी. ९५ लाखांच्या खाली यायचं नाही. बाबा असताना ९० ची ऑफर होती, विसरलात का?

नाना: दादा, त्या ९० चं आज एकदा स्पष्ट बोलतो. ती ऑफर म्हणजे कट्ट्यावर बसून बोललेली गोष्ट. संचकार म्हणा, इसार म्हणा, आगाऊ एक पैसा नाही, कागदाचा तुकडा नाही. त्या माणसानं नंतर अनगोळला साईट घेऊन घर पण बांधलं. तू मात्र तिथनं खाली उतरायला तयार नाहीस.
आणि ९५ लावून काय होतंय ते मी इथं बघतोय. एजंट गिऱ्हाईक घेऊन आधी आपल्याकडं येतो. ९५ ऐकून त्यांचं तोंड उतरतं. मग तो त्यांना पलीकडच्या गल्लीतलं ७८ चं घर दाखवतो. आपलं बघून आल्यावर ते स्वस्तच वाटणार की! आपलं घर दाखवून लोकांची घरं विकली जायलीत. गेल्या महिन्यात तसं एक गेलं. खरेदी झाल्यावर एजंटानं मलाच पेढा दिला.

ताई: आणि तू खाल्लास?

नाना: खाल्ला. काय करणार.

पिंकी: गिऱ्हाईक फक्त तुमचा आकडा बघत नाही. ३१ ऑगस्ट २०२५ पासून कर्नाटकात नोंदणी फी १ टक्क्याची २ झाली. मुद्रांक ५ टक्के, त्यावरचा सेस आणि सरचार्ज धरून ५.६. सगळं मिळून ७.६. म्हणजे ८० लाखांच्या खरेदीला वरचे ६ लाख ८ हजार. वर कौलं बदलायचा खर्च, ओलीचा खर्च. हा हिशोब तो दारात उभा राहूनच करतो.

काका: मग भाड्यानं द्या की तोवर.

नाना: भाडेकरू असलेलं घर बँकेचं लोन काढून कोण घेईल काका? आधी त्याला काढा म्हणतील. नको.

दादा: त्या दुसऱ्या एजंटाचं काय? ८२ देणारा कोण होता ना?

नाना: होता. पण ३० रोख, बाकी चेकनं.

पिंकी: अजिबात नको. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्यावर रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड बसू शकतो. शिवाय व्यवहार ५० लाखांच्या वर आहे, गिऱ्हाईक १ टक्का टीडीएस कापून तुमच्या तिघांच्या पॅनवर भरणार. लपून काही राहत नाही.

काका: ते सगळं राहू दे. घराचा खाता, म्हणजे महापालिकेतली नोंद, कुणाच्या नावावर आहे आज?

नाना: बाबांच्याच.

काका: घ्या! मयत माणसाच्या नावावरचं घर विकायला काढलंय आणि दार दक्षिणेला म्हणून रडायलेत.

दादा: गिऱ्हाईक पक्कं झालं की वारसा करू म्हणालो होतो ना. आधीच कशाला धावपळ?

नाना: कागद नाहीत म्हणून तर पक्कं होत नाही! त्या कॅम्पातल्या मास्तरांना घर पसंत होतं, भाव पण जवळपास जुळलेला. बँकेच्या वकिलानं ई-खाता, म्हणजे खात्याचा ऑनलाइन उतारा मागितला. माझ्याकडं काय होतं? जुना उतारा आणि घरपट्टीची पावती. महिनाभर थांबून गेले बिचारे.
घरपट्टीवरनं आठवलं, एप्रिलमध्ये भरली की ५ टक्के सूट मिळते म्हणून ती मीच भरतो. पावती ग्रुपवर टाकली की तुमचे अंगठे येतात. 👍 तेवढेच.

पिंकी: ऑक्टोबर २०२४ पासून ई-खाता नसेल तर कावेरीवर, म्हणजे सरकारच्या नोंदणी पोर्टलवर, खरेदीपत्र पुढं सरकतच नाही. मृत्यूचा दाखला, वंशावळ, सीटीएस (सिटी सर्व्हे) उतारा, ईसी म्हणजे बोजाचा दाखला, आधार, घराचा फोटो, सगळं लागेल.

दादा: नानानं उतारा पाठवला होता मला, सगळा कन्नडमध्ये. काय समजणार? बरं, सोपा मार्ग सांगतो. ताईनं हक्कसोड दिली की आम्हा दोघांच्याच नावावर होईल. सह्या कमी, काम लवकर.

ताई: कोण म्हणालं मी हक्कसोड देणार?

दादा: अगं, म्हणजे कागदापुरतं.

ताई: कागदापुरतं काही नसतं दादा. बाबांनी स्वतः घेतलेलं घर, मृत्युपत्र नाही. तिसरा हिस्सा माझा. आणि मला तो हवाय, उघड सांगते. इथल्या फ्लॅटचं लोन चालू आहे. तू पुण्यात ९५ धरून बसलायस, इथं दर महिन्याला माझा हप्ता जातोय. मी ७८ ला सुद्धा सही करायला तयार आहे.

काका: गिऱ्हाईक यायच्या आत वाटणी सुरू झाली बघा.

धाकटी वैनी: ताई बोलल्या ते बरं झालं. दर वेळी किल्ली घेऊन पळणाऱ्याला पण मग एक मत द्या.

दादा: बरं बरं. तिघांच्या नावावर करा. नाना, तू किती म्हणतोस?

नाना: ८२ लावूया. ७८ पर्यंत बोलूया.

दादा: ८५ लाव. ८० च्या खाली कोण बोलला तर मला फोन कर.

ताई: आणि मला पण.

नाना: लावतो. पण एजंटाला सांगायच्या आधी कागद. पितृपंधरवडा लागला की कोण फिरकत नाही, मग थेट दसरा. तोवर ई-खाता हातात पाहिजे. गणपतीला सगळे येणारच आहात, मूळ आधार, पॅन घेऊन या, झेरॉक्स नको.

ताई: माझं आधार आत्ताच टाकते.
[फोटो]

पिंकी: आत्या, मागची बाजू पण टाक, पत्ता तिथं असतो. आणि ह्यावर नाव सासरचं आहे. वंशावळीत आजोबांची मुलगी म्हणून माहेरचं नाव येणार. दोन्ही एकच बाई, ह्याला पुरावा लागेल.

ताई: लग्नाची पत्रिका आहे जपून ठेवलेली. चालेल?

काका: पत्रिकेवर माझं पण नाव आहे, आपले विनीत म्हणून. म्हणून काय मला हिस्सा देणार? 😄

पिंकी: पत्रिका नाही चालणार. शाळेचा दाखला आणि वर अॅफिडेव्हिट करूया.

नाना: दाखला मी काढून आणतो. ताई, शाळा कुठल्या साली सोडलीस ते तेवढं सांग. आणि जन्मतारीख खरी कुठली, आई सांगायची ती की शाळेतली?