मदत हवी आहे: डम्बलडोरची छडी तिसऱ्यांदा मोडली

नमस्कार मंडळी. इथे सुतारकामातले बरेच जाणकार आहेत म्हणून विचारतोय. प्रश्न पोरखेळाचा वाटेल, पण मी दोन महिने त्यात अडकलोय.

लेक पाचवीत आहे. सुट्टीत हॅरी पॉटरचे सगळे चित्रपट संपवले आणि आता तिला एल्डर वाँड, म्हणजे एल्डर नावाच्या झाडाच्या लाकडाची ती जादूची छडी, हवी आहे. ऑनलाइन मिळते ती प्लास्टिकची, तिला लाकडाचीच पाहिजे. मीही जोशात म्हणालो, "त्यात काय, बाबा करून देईल."

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: हॅरीच्या जादूच्या शाळेचा मुख्याध्यापक डम्बलडोर, त्याच्या हातात चित्रपटांत हीच छडी दिसते. तिचं खरं महत्त्व सांगणारं सातवं पुस्तक आलं २००७ मध्ये. लांबी १५ इंच सांगतात, म्हणजे साधारण ३८ सेंटीमीटर. बारीक दांडी आणि तिच्यावर थोड्या थोड्या अंतराने बोरांच्या घोसासारख्या गाठी, टोकाकडे लहान होत जाणाऱ्या. मुठीपाशी हाडासारखा पांढुरका तुकडा बसवलाय, त्यावर रून या जुन्या युरोपीय लिपीतली अक्षरं.

माझी अडचण या गाठींची आहे. दोन गाठींमधली दांडी ७-८ मिलिमीटरवर आणली की मोडते.

पहिली छडी लाटणी करणाऱ्या एका खराद्याकडे नेली. त्याने बजावलं होतं, "साहेब, एवढं लांब आणि बारीक थरथरणार." थरथरलं आणि मोडलं. दुसरी घरी गॅलरीत केली: करवतीने गाठींच्या दोन्ही बाजूंना खाचा मारल्या, पटाशीने मधलं काढलं, कानस फिरवली. छान जमली होती. शेवटी पॉलिश पेपर मारताना कट्! तिसरीही तशीच गेली, फक्त एक गाठ अलीकडे. चित्रपटात हॅरी शेवटी या छडीचे दोन तुकडे करून फेकून देतो. लेक म्हणाली, "बाबा, तू शेवटापासून सुरुवात केलीस."

लाकूड सागवान, घराचं काम निघालं तेव्हा काढलेल्या जुन्या चौकटीचं, इंचभर जाडीच्या पट्ट्या कापून. दुसरी आणि तिसरी दोन्ही सरळ न मोडता तिरक्या मोडल्या आहेत, बोरूचं टोक कापतात तशा.

तर लाकूड बदलू का? की दांडी सरळ ठेवून गाठी वेगळ्या करून मण्यांसारख्या ओवू? हे दुसरं मनाला पटत नाही, पण नाइलाज असेल तर करेन. रंगाचंही सांगा. सागवान पिवळट दिसतं, मला जुनाट काळपट तपकिरी हवंय, पण ऑइलपेंट नको.

प्रतिसाद: रंधेवाला

मणी ओवू नका हो, लांबूनसुद्धा कळतं.

तुमचं उत्तर त्या बोरूच्या टोकात आहे. लाकडाचा धागा (तंतूंची दिशा) पट्टीच्या लांबीला समांतर असेल तर ते सहसा असं स्वच्छ तिरकं मोडत नाही, कुसळं निघत फाटतं. तिरकं मोडलं म्हणजे धागा पट्टीत तिरका होता. करवत धागा बघत नाही, तुम्ही आखाल तिथून कापते. जाड चौकटीत ते खपून जातं, ७ मिलिमीटरमध्ये नाही. म्हणून पट्टी कापू नका, फोडा. ओंडक्यावर कोयता ठेवून वरून लाकडी मोगरी मारा. लाकूड स्वतःच्या धाग्याने दुभंगतं आणि टोकापासून टोकापर्यंत अखंड धागा मिळतो. कुदळीच्या दांड्याला फोडीव लाकूड चांगलं ते याचमुळे.

दुसरी चूक करवतीची खाच. तिच्या तळाशी टोकदार कोपरा राहतो आणि सगळा ताण तिथेच गोळा होतो. गाठीपासून दांडीपर्यंत उतार गोल कानशीने काढा, सुरईच्या मानेसारखा. आणि टोकाकडून मुठीकडे काम करत या, म्हणजे शिकंज्यात धरलेली बाजू शेवटपर्यंत जाड राहते.

प्रतिसाद: गावाकडचा

लहानपणी बेचकीला कुठली फांदी तोडायचात? पेरूचीच ना? मग आताही तीच घ्या. चिवट असते आणि बारीक धागा असल्यामुळे सागासारखे टवके उडत नाहीत. मनगटाएवढी सरळ फांदी बघा. तोडल्या तोडल्या दोन्ही टोकांना फेविकॉल फासा, नाहीतर वाळताना टोकापासून तडकते. फोडून, सगळीकडून दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवून ढोबळ आकार द्या आणि सावलीत टांगा. बारीक झालेलं लाकूड काही आठवड्यांत वाळतं. पावसाळ्यात जरा जास्त धीर धरा.

आणि खऱ्या एल्डरच्या नादी लागू नका. त्याच्या कोवळ्या फांदीत मधोमध मऊ भेंड असतं, ते कोरून पोरं शिट्ट्या करतात.

प्रतिसाद: शाईवाली

रंगासाठी हिरडा! चार-पाच हिरडे कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, गाळून ते पाणी छडीला दोनदा लावा आणि वाळू द्या. दुसऱ्या बाटलीत व्हिनेगरमध्ये गंजके खिळे आठवडाभर ठेवा (झाकण घट्ट लावू नका, आत वायू होतो). ते पाणी ब्रशने फिरवलं की डोळ्यांदेखत लाकूड काळं पडायला लागतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची जुनी शाई याच तत्त्वावर होते. तपकिरी हवं असेल तर खिळ्यांचं पाणी चांगलं पातळ करा आणि आधी टाकाऊ तुकड्यावर बघा.

वरून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचे दोन हात द्या. कोणी जवसाचं तेल सुचवेल, तेही चांगलं आहे, पण तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काल सासवडच्या मावशीकडून पेरूची फांदी आणली. मावशीने आधी "झाडाला हात लावशील तर याद राख" म्हटलं, मग नातीसाठी आहे कळल्यावर स्वतःच कोयता घेऊन आली. फोडल्यावर पाहिलं तर धागा वरच्या तिसऱ्या भागात चक्क वळलाय. सरळ करवतलं असतं तर नेमकं तिथेच मोडलं असतं. आता वळणासकट ठेवलंय, छडी किंचित वाकडी होईल. लेकीला तेच आवडलंय. टोकांना फेविकॉल लावून पंख्याच्या हुकाला टांगलीय.

आता नवीन प्रश्न. लेखिकेच्या सांगण्यानुसार या छडीच्या आत थेस्ट्रलच्या (पंख असलेल्या हाडकुळ्या जादुई घोड्याच्या) शेपटीचा केस आहे. आमच्याकडे बोक्याची गळून पडलेली मिशी काडेपेटीत जपून ठेवली आहे. मुठीच्या टोकातून गिरमिटाने इंचभर भोक पाडून ती आत घातली तर चालेल का? मूठ १८ मिलिमीटर जाड ठेवणार आहे. भोक आत्ताच ओलं असताना पाडू की वाळल्यावर?