यूएफएल: छोटं मैदान बरं की आपलं गाव?

चौथा डाऊन (धागाकर्ता)

जून २०२५ मध्ये मिशिगन पँथर्स यूएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगची फायनल खेळले. डीसी डिफेंडर्सकडून ५८-३४ असे हरले, पण फायनलला पोचलेला संघ होता. ऑक्टोबरात लीगने जाहीर केलं की पँथर्स बंद. सोबत मेंफिस शोबोट्स आणि सॅन अँटोनियो ब्राह्माजही गेले. त्यांच्या जागी कोलंबस, लुइव्हिल आणि ऑर्लँडो या शहरांचे नवे संघ. जुलैत उद्योजक माइक रिपोल यांनी लीगमध्ये पैसे घातले, त्यानंतरचा हा पहिला मोठा निर्णय.

ज्यांनी ही लीग पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: एक्सएफएल आणि फॉक्स वाहिनीची यूएसएफएल या दोन वसंत ऋतूतल्या लीग एकत्र करून यूएफएल उभी राहिली. पहिला सामना ३० मार्च २०२४ ला. आठ संघ, प्रत्येकी १० साखळी सामने. त्या विलीनीकरणातच सिअॅटल, फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग, न्यू ऑर्लिन्स वगैरे संघांवर फुली बसली होती. म्हणजे दोन वर्षांत ही दुसरी कापाकापी.

माझं म्हणणं सरळ आहे. अशा लीगकडे इतिहास नाही, तारे नाहीत. असते ती फक्त प्रेक्षकाला लागलेली सवय. ती लागायला तीन-चार मोसम जातात आणि तुम्ही दुसऱ्या मोसमालाच दुकान हलवता. टोपी-जर्सी विकत घेणारा माणूस पुढच्या वेळी खिशात हात घालेल का?

पंटर

असहमत. पँथर्सच्या डेट्रॉइटमधल्या फोर्ड फील्डमध्ये ६५ हजार खुर्च्या. तिथे खालचा मजलासुद्धा भरत नव्हता. टीव्हीवर कॅमेरा जिकडे फिरेल तिकडे रिकाम्या निळ्या खुर्च्या. घरी बघणाऱ्याला वाटतं, हे कुणीच बघत नाही, मग मी तरी का बघू? मेंफिसचंही तेच रडगाणं. नवीन तिन्ही मैदानं सॉकरची आहेत: लुइव्हिलचं साधारण १५ हजारांचं, कोलंबसचं जुनं क्रू स्टेडियम २० हजारांच्या घरातलं, ऑर्लँडोचं २५ हजारांचं. १२ हजार लोक आले तर फोर्ड फील्ड ओसाड दिसतं आणि लुइव्हिल फुलून येतं. लोक तेवढेच.

डीसी डिफेंडर्सकडे बघा. ऑडी फील्ड २० हजारांचं, सॉकरचंच. तिथली बिअरच्या रिकाम्या ग्लासांची लांबच लांब सापासारखी रांग देशभर गाजली. २०२३ मध्ये सुरक्षारक्षकांनी ती मोडली तर पब्लिकने मैदानात लिंबं फेकली. लिंबं! असली मस्ती फोर्ड फील्डसारख्या रिकाम्या डोममध्ये (छप्परबंद मैदानात) होत नसते.

चौथा डाऊन

सेंट लुइस बॅटलहॉक्स डोममध्येच खेळतात की. २०२४ च्या घरच्या पहिल्या सामन्याला ४० हजारांच्या वर लोक होते. खुर्च्या किती यापेक्षा त्या गावाला संघ हवा आहे का, हा प्रश्न आहे.

पंटर

सेंट लुइसचं दुखणं वेगळं. २०१६ मध्ये त्यांचा एनएफएलमधला (अमेरिकन फुटबॉलची मुख्य लीग) रॅम्स संघ लॉस एंजेलिसला गेला. गावाने खटला भरला आणि २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलरवर तडजोड झाली. तिथला माणूस बॅटलहॉक्ससाठी 'का-काऽ' ओरडत येतो तो निम्मा एनएफएलच्या नाकावर टिच्चून. डेट्रॉइटला एनएफएलचे लायन्स आहेतच, त्यांना दुसऱ्या संघाची भूक कशाला? लुइव्हिल आणि कोलंबसला एनएफएल नाही, ऑर्लँडोलाही नाही.

(मेंफिस आणि सॅन अँटोनियोलाही नव्हती, हे कुणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच कबूल करतो. पण तिथली मैदानंही अवाढव्यच.)

आखणीवाला

सॉकरचं मैदान घेतलं की काम झालं, असं नसतं. जरा मापं बघू.

अमेरिकन फुटबॉलचं मैदान दोन्ही एन्ड झोन (टोकांचे गुण मिळवायचे पट्टे) धरून १२० यार्ड लांब आणि ५३ यार्ड १ फूट रुंद. सॉकरचं नेहमीचं १०५ बाय ६८ मीटर, म्हणजे अंदाजे ११५ बाय ७४ यार्ड. लांबीला ५ यार्ड कमी पडतात. दोन्ही टोकांना अडीच-अडीच यार्ड सॉकरच्या गोलरेषेमागे जातात, आणि त्यापलीकडे थांबायला जागा हवीच. एन्ड झोनच्या मागच्या कोपऱ्यात झेपावून चेंडू पकडणारा रिसीव्हर पूर्ण वेगात असतो. जाहिरातीचे फलक मागे सरकवले नाहीत, तर तो थेट त्यांच्यावर आदळणार.

रुंदीला उलटं होतं. दोन्ही बाजूंना दहा-दहा यार्ड मोकळे राहतात. तिथे राखीव खेळाडू आणि प्रशिक्षक उभे राहतात, म्हणून पहिल्या चार-पाच रांगांतल्या लोकांना पाठीच दिसतात. सगळ्यात महागडी तिकिटं तीच.

गवताचं दुखणं तर खरं. व्यावसायिक नियमात हॅश मार्कमधलं (मैदानाच्या मध्यातल्या छोट्या खुणांच्या दोन ओळींमधलं) अंतर १८ फूट ६ इंच, आणि प्रत्येक डाव याच सहा यार्डांच्या पट्ट्यात सुरू होतो. १४०-१५० किलोचे लाइनमन तिथे टाचा रोवून एकमेकांना ढकलतात. त्या पट्ट्याचा मधला भाग म्हणजे सॉकरचं नेमकं मध्यवर्तुळ. सॉकरचा मोसमही वसंतातच. शनिवारी फुटबॉल, मंगळवारी सॉकर असं आलं की आकडे आणि रेषा धुवायच्या, न निघालेल्यांवर हिरवा रंग मारायचा, उखडलेले तुकडे बसवायचे. पाऊस झाला की सगळंच ओमफस्. यजमान सॉकर क्लब तारखा देताना का कुरकुरतो ते कळतं.

तरीही माझं मत पंटर यांच्या बाजूने. गवत दुरुस्त होतं.

गहुंजेकर

पुणेकरांना विचारा संघ बंद होणं म्हणजे काय. पुणे वॉरियर्स २०११ ते २०१३. मग रायझिंग पुणे २०१६-१७, आणि शेवटच्या मोसमात फायनल मुंबईकडून एका धावेने हरून थेट विसर्जन. १२९ आणि १२८, आकडे अजून पाठ आहेत लोकांचे. पँथर्सवाल्यांचं दुःख मराठी माणसाला वेगळं समजावायला नको.

आयपीएल टिकली कारण बाकीचे बहुतेक संघ जागचे हलले नाहीत. आठातले तीन एकदम उठवले असते तर?

पंटर

रायझिंग पुणेचं उदाहरण इथे लागू नाही, भाऊ. तो संघ दोन वर्षांपुरताच होता आणि ते लिलावाच्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं. आणि आयपीएलमध्ये प्रत्येक संघाला मालक आहे. यूएफएलमध्ये संघ लीगच्याच मालकीचे. पहिले दोन मोसम तर सगळे संघ आठवडाभर टेक्सासमध्ये आर्लिंग्टनला राहून सराव करत आणि सामन्यापुरते 'घरच्या' गावी विमानाने जात. खर्च वाचतो, मान्य. पण डेट्रॉइटच्या शाळेत खेळाडू जाणार कधी, दुकानाच्या उद्घाटनाला येणार कोण? मेंफिसचा संघ मेंफिसमध्ये राहतच नव्हता. मग मेंफिसवाल्याने तिकीट का काढावं?

चौथा डाऊन

धन्यवाद, हे माझ्याच बाजूचं झालं. दोष राहण्याच्या व्यवस्थेचा आणि शिक्षा गावाला.

नियमबाज

गावं बाजूला ठेवा. ही लीग लोकांनी का बघावी, तर नियमांसाठी. २०२४ च्या नियमात टचडाऊननंतर (चेंडू एन्ड झोनमध्ये नेला की ६ गुण) जादा गुणासाठी किक नाही, पुन्हा चेंडू आत न्यायचा: २ यार्डांवरून १ गुण, ५ वरून २, १० वरून ३. म्हणजे एक टचडाऊन ९ गुणांपर्यंत जातो आणि १८ गुणांची पिछाडी दोन फेऱ्यांत भरून निघते. गणित सोपं आहे. २ यार्डांवरून यश निम्म्या वेळा मिळतं असं धरा, तर त्या प्रयत्नाची किंमत अर्धा गुण. १० यार्डांवरून सहापैकी एकदा जमलं तरी तेवढीच. तरी प्रशिक्षक बिचकतात, कारण फसलं की पत्रकार त्यांनाच धारेवर धरतात.

पण गंमत किकऑफची, म्हणजे चेंडू लाथेने समोरच्यांकडे मारून खेळ सुरू करण्याची. जुन्या पद्धतीत दोन्ही बाजू ४०-५० यार्ड धावत येऊन आदळायच्या, डोक्याला मार तिथेच बसायचा. एक्सएफएलने २०२० मध्ये दोन्ही रांगा समोरासमोर आणल्या: एक ३५ यार्डांवर, दुसरी ३० वर. चेंडू झेलेपर्यंत कुणी हलायचं नाही. धाव राहिली, टक्कर मंदावली. मार्च २०२४ मध्ये एनएफएलने याच कल्पनेवर आपला किकऑफ बेतला. आणि त्याच महिन्यात सुरू झालेल्या यूएफएलने काय केलं? एक्सएफएलची पद्धत सोडून यूएसएफएलची घेतली, स्वतःच्या २० यार्डांवरून किक. स्वतःचं बियाणं शेजाऱ्याच्या शेतात उगवलं आणि आपण पुन्हा जुनंच पेरायला बसलो.

सेंटरमागे

नियमांनी लोक दोन आठवडे थांबतात, खेळाने टिकून राहतात. आणि खेळाचं गाडं ऑफेन्सिव्ह लाइनवर अडतं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला समोरच्यांपासून वाचवणाऱ्या रांगेवर. हे पाच जण एका शरीरासारखे हलावे लागतात. डाव्या टॅकलने (रांगेच्या टोकाच्या खेळाडूने) आतला माणूस शेजारच्या गार्डकडे सोपवायचा आणि बाहेरून येणारा उचलायचा, हा निर्णय अर्ध्या सेकंदात, न बोलता. त्याला महिनोन्महिने लागतात, इथे जेमतेम महिनाभराचं शिबिर. शिवाय एनएफएलच्या ३२ संघांकडे ५३-५३ खेळाडू आणि वर सरावाचे १६ असतात, त्यामुळे धडधाकट लाइनमन उरतातच किती? म्हणून पहिले तीन-चार आठवडे क्वार्टरबॅक जीव मुठीत धरून पळतो, आणि प्रेक्षक म्हणतो क्वार्टरबॅक टुकार.

किकरचं तसं नाही, त्याला कुणावर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. जेक बेट्सने पँथर्सच्या पहिल्याच सामन्यात ६४ यार्डांचा फील्ड गोल (चेंडू लाथेने गोलपोस्टमधून मारणं) मारला. आधीच्या किकला समोरच्यांनी टाइमआउट घेतला, तर पठ्ठ्याने पुन्हा मारला. १८-१६ ने सामना काढला आणि त्याच उन्हाळ्यात लायन्सनी त्याला उचललं. ब्रँडन ऑब्री बर्मिंगहॅमहून काउबॉइजकडे गेला, तोही किकरच.

चौथा डाऊन

बेट्सची ती किक कुठे झाली? फोर्ड फील्डमध्ये. लायन्सचंही मैदान तेच. लायन्सच्या गावाने त्याला आधी पँथर्सच्या जर्सीत पाहिलं होतं. लुइव्हिलमध्ये ६४ यार्ड मारले असते तर वर तुम्हीच मोजलेल्या त्या फलकावर चेंडू आदळला असता, एवढंच.

आखणीवाला

नाही हो, चेंडू फलकाच्या बराच वरून जातो. गोलपोस्टची आडवी दांडीच १० फुटांवर असते. बाकी चालू द्या.