एकच रायफल ठेवायची झाली तर पहिली कोणती?

आडवाट

आपत्कालीन तयारीच्या यादीत पाणी, औषधं, विजेरी, रेडिओ इथपर्यंत सगळे माना डोलावतात. 'रायफल' हा शब्द आला रे आला की यादी राहते बाजूला आणि कॅलिबरवरून हमरीतुमरी सुरू होते. आज मीच काडी टाकतो.

दोन गोष्टी गृहीत धरतोय. तुम्ही राहता तिथल्या कायद्याने रायफल ठेवता येते, परवाना आहे, कुलपाची पेटी आहे. आणि आपत्काल म्हणजे वस्तीपासून दूरचं घर, रस्ता बंद, तीन-चार आठवडे बाहेरून काही येणार नाही. झाँबी नकोत, परकीय सैन्यही नको.

माझं मत: पहिली रायफल '.२२ लाँग रायफल' नावाच्या छोट्या काडतुसाची. हे काडतूस १८८७ पासून चालत आलंय, मुबलक मिळतं आणि अजून कुणी त्याला निवृत्त करू शकलेलं नाही. एक काडतूस साधारण साडेतीन ग्रॅमचं, म्हणजे पाचशे काडतुसं पावणेदोन किलोत बसतात. सैन्याच्या रायफलींची ५.५६ मिलिमीटरची तेवढीच घेतली तर सहा किलो, त्याहून मोठी ७.६२ बाय ५१ ची बारा. पाठीवर बारा किलो टाकून दिवसभर चालून बघा, मग बोलू.

पण माझ्या दृष्टीने मोठं कारण सरावाचं. .२२ ला धक्का जवळपास नसतोच, त्यामुळे माणूस कंटाळा येईपर्यंत नेम धरत बसतो. मोठ्या रायफलींचे मालक मी बरेच पाहिलेत. वर्षातून एकदा वीस गोळ्या झाडायच्या, खांदा चोळायचा, रायफल परत पेटीत. असा माणूस ऐन वेळी काय करणार?

आणि ही कल्पना माझ्या डोक्यातून निघालेली नाही. आर्मालाइट कंपनीने १९५९ च्या सुमारास एआर-७ काढली ती .२२ चीच. सुटी केली की सगळे भाग तिच्याच पोकळ दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकवायच्या भागात, मावतात, वर ती पाण्यावर तरंगते. त्याआधी याच कंपनीने विमानदलासाठी केलेली एआर-५ सुद्धा .२२ हॉर्नेटची होती. हॉर्नेट हे वेगळं, जास्त ताकदीचं काडतूस, पण विचार तोच: हलकं, छोटं, पोटापुरतं.

लोखंडी

तरंगणारी रायफल! आपण बुडतोय का मालक?

सपशेल असहमत. .२२ ची गोळी नळीतून निघते तेव्हा तिच्यात दीडशे ते एकशेनव्वद ज्यूल ऊर्जा असते, ५.५६ मध्ये सतराशेच्या वर. दहापट फरक आहे. सशासाठी .२२ उत्तम. रानडुक्कर अंगावर आलं तर? किंवा दारात माणूस उभा राहिला तर? पहिली रायफल म्हणजे जिच्यावर सगळं टाकायचं ती. सशावर सगळं टाकायचं असेल तर गलोल घ्या, ती याहून हलकी.

माझं उत्तर एआर-१५ पद्धतीची सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दर बारानंतर पुढचं काडतूस आपोआप आत घेणारी, ५.५६ ची. ५.५६ बाय ४५ हे नाटोने १९८० मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारलेलं काडतूस, त्यामुळे ते बनवणारे कारखाने जगभर आहेत. सुटे भाग एकमेकांना बसतात. बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग), एक्स्ट्रॅक्टर (रिकामं टोपण ओढून काढणारा आकडा), फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई), चार स्प्रिंगा एका डबीत ठेवल्या की बहुतेक बिघाड घरी दुरुस्त होतात. तुमच्या .२२ मध्ये पेटवणारी दारू काडतुसाच्या कडेच्या घडीत भरलेली असते, ती सगळीकडे सारखी पसरलेली नसली की बार फुसका. आणि ते काडतूस पुन्हा भरताही येत नाही.

फिरस्ता

दोघांचंही वाचलं. माझं मत तिसरंच: बोल्ट अॅक्शन, म्हणजे दर गोळीनंतर बोल्ट हाताने ओढायचा ती, .३०८ किंवा .३०-०६ या मोठ्या काडतुसाची.

आपण अंदाजाने बोलण्यापेक्षा ज्यांचा रोजचा दिवसच आपत्काल असतो ते काय वापरतात ते बघा ना. ईशान्य ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या घसरगाड्यांवर गस्त घालणारं डेन्मार्कचं सिरियस पथक कित्येक दशकं एम-१९१७ एनफिल्ड घेऊन फिरलं. पहिल्या महायुद्धाच्या काळातली बोल्ट अॅक्शन, .३०-०६ ची. कॅनडियन रेंजर्सनी १९४७ पासून ली-एनफिल्ड वापरल्या आणि त्या बदलायची वेळ आली तेव्हा २०१८ च्या सुमारास काय घेतलं? सी-१९, पुन्हा बोल्ट अॅक्शनच, .३०८ मध्ये. एकविसाव्या शतकात, हातात पैसा असताना, सेमी-ऑटोमॅटिक उपलब्ध असताना. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर वस्तीबाहेर पडायचं तर ध्रुवीय अस्वलासाठी किमान .३०८ किंवा .३०-०६ घ्या असं सांगतात.

कारण सरळ आहे. कडाक्याच्या थंडीत तेल घट्ट होतं. सेमी-ऑटोमॅटिकला पुढचं काडतूस आत घ्यायला आधीच्या बारातली ताकद लागते, तेल घट्ट झालं की ती पुरत नाही. बोल्ट तुम्ही स्वतःच्या हाताने ओढता. हात गारठला तरी ओढता. बर्फातल्या कामात मी तेल पूर्ण पुसून कोरडी रायफल नेत असे, कधी अडली नाही.

लोखंडी

@फिरस्ता, घरी अस्वल येतं का तुमच्या?

फिरस्ता

नाही. तुमच्या घरी पलटण येते का?

रातकिडा

😂 +१ फिरस्ता

शंकेखोर

धागा वाचून एक गोष्ट आठवली. १९ मार्च १९६५ ला वोस्खोद-२ हे सोव्हिएत अंतराळयान परत येताना भरकटलं आणि ठरल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर, उरलच्या बर्फाळ जंगलात उतरलं. लिओनोव्ह आणि बेल्यायेव या अंतराळवीरांनी दोन रात्री तिथे काढल्या. लांडगे-अस्वलांचा मुलूख, हाताशी एक पिस्तूल. पुढे लिओनोव्ह यांच्या आग्रहातून सोयूझच्या अंतराळवीरांसाठी टीपी-८२ नावाचं हत्यार झालं. तीन नळ्या: दोन गुळगुळीत, साडेबारा मिलिमीटरच्या, छर्‍यांसाठी आणि इशाऱ्याच्या दारूसाठी, तिसरी आटे पाडलेली, ५.४५ ची. आणि काढता येणारा दस्ता म्हणजे चक्क कोयता. फांद्या तोडायला.

यात मला काय आवडतं सांगतो. आधी प्रसंग घडला, मग त्यातून हत्यार ठरलं. त्यांना कळलं होतं की जंगलात पडलेल्या माणसाला गोळीइतकीच सरपणाची आणि कुणाला तरी दिसण्याची गरज असते. तुम्ही तिघं उलट्या दिशेने निघालात. आवडती रायफल हातात घेऊन तिला शोभेल असा प्रसंग शोधताय. आडवाटांना ससे दिसतात, लोखंडींना दारातला माणूस, फिरस्त्यांना अस्वल.

तीन-चार आठवडे घरात अडकलेल्या कुटुंबाला मारतं ते दूषित पाणी, बंद खोलीतल्या शेगडीचा धूर, चिघळलेली जखम. मी यादीत रायफल विसाव्या क्रमांकावर टाकेन. आणि घाबरलेली, झोप न झालेली माणसं, अंधार, भरलेलं हत्यार, हे मिश्रण मला अस्वलापेक्षा जास्त धोक्याची वाटते.

आडवाट

शंकेखोर, विसावा क्रमांक मान्य. पण विसाव्या क्रमांकाची वस्तूही निवडावी लागतेच ना? पहिल्या एकोणीसांवर वेगळा धागा काढा, मी हजर आहे.

लोखंडी, ऊर्जेचा हिशेब बरोबर आहे, वाद नाही. अंतराचाही माझ्या विरुद्धच जातो: पन्नास मीटरला नेम लावलेली .२२ शंभर मीटरला अर्धा फूट तरी खाली मारते. फक्त तुमची दहापट ऊर्जा झाडाच्या खोडात गेली तर काय उपयोग? रानडुकराला .२२ पुरणार नाही हे मी धाग्यातच लिहायला हवं होतं. जिथे मोठं जनावर हा खरा धोका आहे तिथे माझं मत बाद.

लोखंडी

झाडाच्या खोडात का जाईल? सराव ५.५६ नेही करता येतो.

आणि तुमच्या 'मुबलक' .२२ बद्दल. २०१२ च्या डिसेंबरनंतर अमेरिकेत काडतुसांची झुंबड उडाली तेव्हा सगळ्यात जास्त काळ गायब झालं ते .२२ च. महिने नाही, वर्षं. स्वस्त आणि सगळ्यांना लागणारं, म्हणून सगळ्यांनी पेट्याच्या पेट्या उचलल्या. तुमचा एक मुद्दाच गेला की.

आडवाट

हा घाव बसला. पण २०२० च्या टंचाईत ५.५६ चेही तेच हाल झाले, ते सोयीस्कर विसरलात. म्हणजे काडतूस बाजारात मिळेल हा भरवसा दोघांनीही सोडायचा. घरात आहे तेवढंच आपलं. कोरड्या, थंड जागी हवाबंद डब्यात ठेवलं तर काडतूस दशकानुदशकं टिकतं. मग कमी जागेत जास्त काय मावतं, हा प्रश्न उरतो आणि तिथे मी पुन्हा जिंकतो.

रातकिडा

अवांतर: .२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ एकच समजून कुणी काहीही भरू नका. ५.५६ साठी केलेल्या नळीत .२२३ चालतं. फक्त .२२३ चा शिक्का असलेल्या नळीत ५.५६ भरू नये, दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. नळीवर काय कोरलंय ते वाचा, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका.

अवांतर दोन: कान. १४० डेसिबलच्या वरचा एकच बारसुद्धा ऐकू येणं कायमचं कमी करू शकतो आणि ५.५६ किंवा .३०८ त्याच्या बऱ्याच वर. बंद खोलीत तर विचारूच नका. रायफलीवर तीन तीन प्रतिसाद लिहिणाऱ्या एकानेही कानात घालायच्या बोळ्यांचा उल्लेख केलेला नाही.

नवशिकी

मी अजून रायफल घेतलेली नाही, म्हणून खरंतर वाचायलाच आले होते. पण अनुभव सांगते. पहिल्याच दिवशी ओळखीच्यांनी हातात .३०८ दिली, 'एकदा मोठी मारली की छोटीची भीती राहत नाही' म्हणून. झालं उलटंच. तिसऱ्या गोळीपासून चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले आणि खांदा आपोआप पुढे ढकलला जायला लागला. ती सवय मोडायला मला .२२ वर कित्येक आठवडे घालवावे लागले.

तर माझा प्रश्न: .२२ वर हात बसल्यावर पुढे जायचंच असेल तर ५.५६ का .३०८?

आडवाट

घ्या! माझा मुद्दा माझ्यापेक्षा नीट मांडला ताईंनी.

लोखंडी

५.५६. .३०८ च्या मानाने धक्का खूपच कमी.

फिरस्ता

ताई, चूक .३०८ ची नव्हती, पहिल्याच दिवशी हातात देणाऱ्याची होती. पण लोखंडींशी इथे निम्मा सहमत. बोल्ट अॅक्शन घ्या, ती .२२३ मध्येही मिळते. लोखंडींच्या यंत्रात अडचण आली की आधी मॅगझीन बघायचं, मग स्प्रिंग, मग एक्स्ट्रॅक्टर. घाबरलेल्या नवख्या माणसाला हे अंधारात जमणार आहे का? बोल्ट मागे ओढा, पुढे ढकला, संपलं.

लोखंडी

घाबरलेला नवखा माणूस बोल्ट अर्धाच ओढतो आणि काडतूस अडकवून बसतो, हेही पाहिलंय. नाचता येईना तर प्रत्येकाचंच अंगण वाकडं.

शंकेखोर

ताई, यांचं ऐकू नका, स्वतः मारून बघा. तिन्ही. भाड्याने मिळतात.

नवशिकी

मारून बघितल्या. शनिवारी, प्रत्येकी वीस गोळ्या, तिन्ही पन्नास मीटरवरून.

.२२: अठरा ताटलीवर, एक काडतूस फुसकं (लोखंडी खूश व्हा), एक चुकली. ५.५६ सेमी-ऑटोमॅटिक: पंधरा, आणि दुसऱ्या मॅगझीनमध्ये एकदा अडकली, मॅगझीन बदललं, परत अडकली नाही. बोल्ट अॅक्शन .२२३: नेम सगळ्यात चांगला, पण प्रत्येक गोळीनंतर रायफल खांद्यावरून काढावी लागत होती, दस्त्यावर हात पलीकडे न्यावा लागत होता. वीस गोळ्यांना बाकीच्यांच्या तिप्पट वेळ लागला. असंच असतं का?

फिरस्ता

खांद्यावरून काढायची गरजच नाही. रायफल खांद्याला तशीच ठेवून उजव्या हाताने बोल्ट ओढायचा, डावा हात पुढे टेकू देतो. दस्ता लांब पडतोय का तुम्हाला?

नवशिकी

दस्ता ठीक होता. पण मी डावखुरी आहे.

फिरस्ता

अरेच्चा. मग माझे आधीचे दोन्ही प्रतिसाद अर्धे बाद समजा. बोल्ट डावीकडे असलेली मागून घ्या. मिळते, पण निवड फार कमी.

लोखंडी

रिकामी टोपणं उजवीकडे उडतात, डावखुऱ्याच्या चेहऱ्याच्या बाजूने. तोंडावर आली का ५.५६ ला?

नवशिकी

नाही, नाकासमोरून गेली.